बटाट्याला मुका मार

बेळगावहून घाट उतरून आलेली पोती म्हापसा-मडगावच्या बाजारात सोडली जातात, तेव्हा बटाटा वरून अगदी निर्दोष दिसतो. घरी विळीवर धरला की आत निळसर-काळा डाग निघतो. गृहिणी दुकानदारास बोल लावते, दुकानदार दलालाकडे बोट दाखवितो आणि दलाल पावसावर खापर फोडून मोकळा होतो. खरा अपराधी या वादात सापडत नाही. कारण अपराध घडतो त्या क्षणी त्याची खूणच उमटलेली नसते.

बटाट्याला बसतो तो मुका मार. साल फाटत नाही. पण तिच्याखालच्या पेशी चेंगरतात, त्यांतील टायरोसिन या द्रव्यावर एका विकराची व प्राणवायूची क्रिया होऊन अखेर मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार होते. यास एक-दोन दिवस लागतात. तोवर माल शेतातून अडत्याकडे आणि तेथून आपल्या बाजारात पोहोचलेला असतो. साल सोलवटली असेल तर त्या वाटेने कूज शिरते, आणि एका कुजक्या बटाट्यापायी शेजारचेही जातात.

शेतात याला उपाय आहे. काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडून पाला कापला, तर जमिनीतच साल घट्ट होते. अंगठ्याने घासून ती सुटत असेल, तर काढणीची वेळ झालेली नाही. बेळगाव भागात पावसाळी पीक निघते तेव्हा पाणी तोडणे शेतकऱ्याच्या हाती नसते, हे मान्य. पाला कापणे मात्र असते. परंतु भाव चढा असताना पंधरा दिवस थांबा म्हणून सांगणे सोपे, थांबणे कठीण. त्याला दोष देण्यास आमची लेखणी कचरते.

हमालांविषयी तर बोलण्याचीही सोय नाही. बटाटा कठीण जागी सहा इंचांहून अधिक उंचीवरून पडू नये, असा जाणकारांचा दंडक आहे. सहा इंच म्हणजे पुरती वीतही नव्हे! आपल्याकडे बुट्टी कमरेवरून रिकामी होते आणि पन्नास किलोंचे पोते पाठीवरून थप्पीवर आदळते. हमालास मजुरी पोत्यामागे मिळते. अलगद ठेवल्याबद्दल कोणी एक पैसाही अधिक देत नाही. मग त्याने पाठ का मोडून घ्यावी? पोते पंचवीस किलोंचे करा, ट्रकच्या फळ्यांवर व थप्पीच्या जागी जुनी गोणपाटे किंवा भाताचा पेंढा अंथरा, आणि मग त्याला जाब विचारा.

बटाटा हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आला. पण बटाट्यासाठी गोवा आजही घाटापलीकडे पाहतो. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी, सरकारी महामंडळानेही, एवढे तरी करावे: शेतात, अडत्याच्या दारी आणि गोव्यात उतरल्यावर, अशा तीन ठिकाणी त्याच मालातले वीस-वीस बटाटे बाजूला काढावे, उबदार जागी दोन दिवस ठेवावे आणि मग सोलून पाहावे. डाग कोणत्या टप्प्यावर वाढले ते तिन्ही ढिगांवरून कळेल. खर्च साठ बटाट्यांचा आहे.