विश्लेषण : ‘बोनी एम’ची गाणी आजही का वाजतात?

‘बोनी एम’ या डिस्को समूहाचे १९७८ मधील ‘रास्पुतीन’ हे गाणे २०२१ मध्ये टिकटॉकवर पुन्हा गाजले. ब्रिटिश डीजे मॅजेस्टिकने केलेले त्याचे रिमिक्सही लोकप्रिय झाले. त्यावर थिरकणाऱ्या अनेकांचा मूळ गाणे आले तेव्हा जन्मही झाला नव्हता. डिस्कोची लाट ओसरली, समूह फुटला, तरी गाणी टिकली. ती कशामुळे?

समूह कसा तयार झाला?

जर्मन निर्माते फ्रँक फारियन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर स्वतःच्याच आवाजात एक नृत्यगीत ध्वनिमुद्रित केले. ते चालू लागल्यावर टीव्हीसाठी चेहऱ्यांची गरज भासली. त्यातून लिझ मिशेल, मार्शिया बॅरेट, मेझी विल्यम्स आणि बॉबी फॅरेल हे कॅरिबियन बेटांवर जन्मलेले चौघे एकत्र आले. ‘डॅडी कूल’ने १९७६ मध्ये त्यांना युरोपभर पोहोचवले.

गाणारे कोण होते?

रेकॉर्डवरचा भारदस्त पुरुषी आवाज फारियन यांचा होता. मंचावर बेभान नाचणारे फॅरेल त्यावर फक्त ओठ हलवत. स्त्रियांचे आवाज प्रामुख्याने मिशेल आणि बॅरेट यांचे. म्हणूनच पुढे समूह फुटल्यावर ‘खरा बोनी एम कोणता’ हा वाद पेटला आणि एकाच नावाने वेगवेगळे संच कार्यक्रम करू लागले.

गाण्यांत वेगळे काय?

ठेका सोपा, पण आत एखादी गोष्ट. ‘मा बेकर’मध्ये अमेरिकी गुन्हेगार टोळीची कथा आहे, तर चाल ट्युनिशियातील लोकगीतावरून घेतलेली. ‘बेलफास्ट’मध्ये उत्तर आयर्लंडमधील संघर्ष येतो. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’चा उगम तर बायबलमधील १३७व्या स्तोत्रात, म्हणजे मायभूमीला मुकलेल्या ज्यूंच्या विलापात आहे. जमैकातील ‘द मेलोडियन्स’ने १९७० मध्ये त्याचे गाणे केले. तेथील रास्ताफारी पंथीयांना त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांचे दुःख दिसले. ‘बोनी एम’ने १९७८ मध्ये ते नाचायला लावणारे केले. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे अव्वल राहिले आणि त्या रेकॉर्डच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. विलापाचे नृत्यगीत होताना त्यातली वेदना पुसट झाली, हा आक्षेप रास्त आहे. पण हा विलाप जगभर पोहोचला तोही याच गाण्यामुळे.

रशियाशी नाते काय?

डिसेंबर १९७८ मध्ये, शीतयुद्धाच्या काळात, या समूहाचे मॉस्कोत कार्यक्रम झाले. तेथे ‘रास्पुतीन’ मात्र गाता आले नाही. योगायोग असा, की झारच्या दरबारातील रास्पुतीनची हत्या ३० डिसेंबर १९१६ रोजी ज्या शहरात झाली, त्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये ३० डिसेंबर २०१० रोजी फॅरेल यांचे निधन झाले.

आणि हिंदी सिनेमाशी?

‘प्यारा दुश्मन’ (१९८०) मधील उषा उथुप यांचे ‘हरि ओम हरि’ आठवा. बप्पी लाहिरींच्या या गाण्याची चाल ‘इरप्शन’ समूहाच्या ‘वन वे टिकट’ची, त्या रेकॉर्डचे निर्मातेही फारियनच. ‘एजंट विनोद’मध्ये (२०१२) तर ‘रास्पुतीन’चीच धून वापरली गेली.

मग टिकले काय?

फारियन यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले. आवाज कोणाचा आणि चेहरा कोणाचा, हा प्रश्न श्रोत्यांना फारसा पडलाच नाही. त्यांनी ठेका धरला आणि गाणे पुढच्या पिढीकडे दिले. ज्यांच्या गळ्यातून ही गाणी उतरली, त्या मिशेल आणि बॅरेट यांची नावे मात्र आजही कमीच लोकांना ठाऊक आहेत.