कॅमेऱ्यावाचून चित्रपट : मॅक्लॅरेन यांच्याकडून विद्यार्थ्याने काय घ्यावे?

चित्रपटाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी आपल्या पहिल्या लघुपटाची जुळवाजुळव करू लागला की आवडत्या चित्रपटांची रंगसंगती, प्रकाशयोजना किंवा संकलनाची लय उचलावी असे त्याला वाटणे स्वाभाविक असते. परंतु प्रयोगशील चित्रपटकारांकडून घेण्याजोगी याहून मोलाची गोष्ट म्हणजे साधनाच्या मर्यादेलाच चित्रपटाचे रूप ठरवू देण्याची त्यांची रीत होय, आणि ती रीत नॉर्मन मॅक्लॅरेन (1914–1987) यांच्या कामात विशेष स्पष्टपणे पाहता येते.

स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या कलाशाळेत शिकत असताना, 1930च्या दशकाच्या पूर्वार्धात, मॅक्लॅरेन यांच्या हाताशी कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांनी वापरून झिजलेली 35 मिलिमीटरची फिल्म मिळवली, तिच्यावरील इमल्शन, म्हणजे प्रतिमा धारण करणारा रासायनिक थर, भिजवून काढून टाकला आणि पारदर्शक झालेल्या पट्टीवर थेट रंगीत शाईने आकार काढले. पडद्यावर दर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्वतंत्र चित्रे, येऊन जात असल्याने आणि प्रत्येक फ्रेम जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असल्याने अशा कामाला किती चिकाटी लागत असेल याची कल्पना करता येते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले लेन लाय यांनी ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी 1935मध्ये केलेला ‘अ कलर बॉक्स’ हाही असाच फिल्मवर हाताने रंगवलेला होता; पार्सलच्या दरांची जाहिरात करण्याचे साधे सरकारी काम त्यातून नाचत्या रंगांचे झाले. पुढच्याच वर्षी मॅक्लॅरेन याच विभागात दाखल झाले आणि 1941मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेले, जेथे त्यांची उर्वरित कारकीर्द गेली.

त्यांच्या चित्रपटांपैकी ‘ब्लिंकिटी ब्लँक’ (1955) विद्यार्थ्याने सर्वांत आधी आणि पुन्हा पुन्हा पाहावा. यात काळ्या इमल्शनची फिल्म सुरी, सुई आणि ब्लेडने खरवडून आकृती उमटवल्या आहेत. पारदर्शक फिल्मवर काम करताना मागच्या फ्रेममधील चित्र पाहून पुढचे नेमके त्याच जागी काढता येते, पण काळ्या पट्टीवर हा आधार मिळत नाही आणि आकृती जागच्या जागी ठरत नाही. या अडचणीशी झुंजण्याऐवजी मॅक्लॅरेन यांनी बहुतेक फ्रेम कोऱ्या, काळ्याच ठेवल्या आणि अधूनमधून एखादी फ्रेम किंवा दोन-चार फ्रेमचा पुंजका तेवढा कोरला. पाहणाऱ्याच्या डोळ्यात क्षणभर टिकून राहणाऱ्या प्रतिमा मधला अंधार सांधतात आणि दोन पक्ष्यांची झटापट काळोखात ठिणग्यांसारखी लखलखते. म्हणजे या चित्रपटाची शैली आधी ठरलेली नव्हती. ती अडचणीच्या उत्तरातून निघाली, आणि त्यामुळेच तिची वरवरची नक्कल करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

ध्वनीच्या बाबतीतही त्यांचा विचार इतकाच मुळाशी जाणारा होता. फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी असते, तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या चढउताराचे प्रक्षेपक यंत्र ध्वनीत रूपांतर करते. हे लक्षात घेऊन त्यांनी त्या पट्टीवर रेघा उमटवल्या, रेघा दाट असल्या की स्वर चढा आणि विरळ असल्या की खालचा, आणि वाद्याविना संगीत तयार केले. असे संगीत ‘नेबर्स’ (1952) या चित्रपटात ऐकू येते, ज्यात एका फुलासाठी दोन शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात. यातील माणसे खरी असली तरी त्यांचे चित्रण बाहुल्यांप्रमाणे एकेक फ्रेम करून झाले आहे. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेत प्रमोद पती यांनी हेच तंत्र ‘आबिद’ या छोट्या चित्रपटात चित्रकार आबिद सुरती यांना घेऊन वापरले, पण भांडणाची कथा न उचलता रंगांनी भरत जाणारी खोली हा अगदी वेगळा विषय निवडला. एकेक फ्रेम टिपण्याची ही वाट महाराष्ट्राला त्याआधीच परिचित होती, कारण दादासाहेब फाळके यांनी 1912मध्ये भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी मटाराच्या रोपाची वाढ याच रीतीने टिपली होती.

चित्र काढण्याचा हात नाही म्हणून अॅनिमेशनपासून दूर राहणाऱ्यांनी कॅरोलिन लीफ यांच्याकडे पाहावे. अमेरिकेत 1960च्या दशकाच्या अखेरीस शिकत असताना त्यांनी खालून उजळलेल्या काचेवर वाळू पसरून, ती बोटांनी सरकवत आणि वरून चित्रित करत आपला पहिला चित्रपट केला. या पद्धतीत पुढची आकृती घडवताना आधीची मोडावी लागते आणि चूक दुरुस्त करण्यासाठी मागे जाता येत नाही. नॅशनल फिल्म बोर्डासाठी काचेवरील ओल्या रंगात केलेल्या ‘द स्ट्रीट’ (1976) मध्ये एक दृश्य विरघळून दुसऱ्यात शिरते, आणि आजीच्या मरणाची वाट पाहणाऱ्या घराची आठवण सांगायला ही सरकती प्रतिमाच योग्य ठरते.

मॅक्लॅरेन यांनी आपल्या चित्रपटांच्या कृतीविषयी तपशीलवार तांत्रिक टिपणे लिहून ठेवली असून ती नॅशनल फिल्म बोर्डाने प्रसिद्ध केली आहेत. ‘ब्लिंकिटी ब्लँक’ एकेक फ्रेम थांबवत पाहावा, कोऱ्या आणि कोरलेल्या फ्रेम वहीत मांडाव्यात, आणि मगच त्याविषयीचे टिपण वाचावे. स्वतःच्या लघुपटासाठी कोणते साधन निवडावे याचा विचार त्यानंतर अधिक नेमकेपणाने करता येतो.