धारेला पडलेला कोपरा

चाकूचे पाते उजेडात आडवे धरून पाहिले की धार मुठीपासून सरळ निघते आणि टोकाकडे हळूहळू वर वळत जाते. रामपुरीपासून फळे कापायच्या चाकूपर्यंत बहुतेकांची घडण अशीच. तांतो पात्याची धार मात्र सरळ जाता जाता टोकाच्या थोडे आधी एकदम मोडते आणि तिरक्या, पण पुन्हा सरळच रेषेत पाठीला जाऊन भिडते. पाते एक, धारा दोन, आणि त्या मिळतात तिथे ठसठशीत कोपरा. स्वस्तातल्या घडीच्या चाकूंमध्ये हा आकार आता सर्रास दिसतो. त्याची ओळख करून देताना हटकून सामुराईंचे नाव निघते आणि टोकाच्या मजबुतीची ग्वाही दिली जाते. सामुराईंचा या कोपऱ्याशी फारसा संबंध नाही. मजबुतीची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच.

जपानी भाषेत ‘तान’ म्हणजे आखूड आणि ‘तो’ म्हणजे तलवार. एक शाकू, म्हणजे ३०.३ सेंटिमीटरपेक्षा आखूड पाते ते तांतो. मुळात हे नाव लांबीवरून पडले आहे, आकारावरून नव्हे. कामाकुरा काळात, ११८५ ते १३३३ या दरम्यान, ही कला ऐन बहरात आली. क्योतोच्या आवातागुची घराण्यातला योशिमित्सु तर तांतोंसाठीच नावाजला गेला. त्या काळातल्या बहुतेक तांतोंची धार टोकाशी हलक्या, डौलदार वळणाने वर जाते. कोपरा कुठेच नाही.

तो आला अमेरिकेतून. लिन थॉम्पसन यांनी १९८० साली कॅलिफोर्नियात ‘कोल्ड स्टील’ ही कंपनी काढली आणि त्याच दशकात कोनदार टोकाचा, न मिटणारा, जाड पात्याचा चाकू तांतो या नावाने लोकप्रिय केला. मोटारीच्या दारातून आरपार जाणारे त्याचे टोक कंपनी लोकांना प्रत्यक्ष दाखवत असे. पुढे हा आकार घडीच्या चाकूंत उतरला. अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेले किट कार्सन यांनी ‘सीआरकेटी’ कंपनीसाठी बेतलेला एम१६ हा चाकू तांतो पात्यासह सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आला. आज या वर्गातले कितीतरी चाकू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांग शहरात बनतात.

टोकाची मजबुती नेमकी कशात असते? टोक घुसते ते दाबामुळे. हाताने साधारण ५ किलोचा, म्हणजे ५० न्यूटनचा जोर लावला आणि टोकाचा माथा ०.२ मिलिमीटर लांब-रुंद असला, तर दर चौरस मिलिमीटरवर १२५० न्यूटन इतका दाब पडतो. हवेच्या दाबाच्या बारा हजार पटींहून तो जास्त आहे. घुसण्यासाठी टोक बारीक हवे ते यासाठीच. पण टोक मोडते ते बहुधा घुसताना नव्हे, घुसल्यावर पाते आडवे हलवले की. तिथे जाडीचा हिशेब लागतो, आणि हा हिशेब वर्गाने चालतो. टोकापासून ५ मिलिमीटरवर एक पाते १ मिलिमीटर जाड आणि दुसरे २ मिलिमीटर जाड असेल, रुंदी आणि पोलाद सारखेच असेल, तर दुसरे वाकवून मोडायला चौपट जोर लागतो. तांतोची पुढची धार वेगळी घासून काढलेली असल्याने पाठीची जाडी जवळजवळ टोकापर्यंत शाबूत ठेवता येते. त्याच्या मजबुतीचे सारे रहस्य या जाडीत आहे, कोनात नाही. काही चाकूंचे पाते खोलगट घासून टोकाशी पातळ केलेले असते. कोन तोच, बळ नाही. म्हणून चाकू घेताना तो उघडून, पाठ वर करून बघावी. पाठीची जाडी टोकाच्या किती जवळपर्यंत टिकते, ते तिथे साध्या डोळ्यांनी कळते.

जुन्या जपानी लोहारांनी टणकपणा आणि चिवटपणा एकाच पात्यात आणला तो पाणी देताना. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर आणि धारेवर पातळ थर देऊन ते तापवायचे आणि पाण्यात बुडवायचे. धार झटकन थंड होऊन कमालीची कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन मऊ, चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर उमटणारी धुकट लाट म्हणजे ‘हामोन’. स्वस्त घडीच्या चाकूत एवढा खटाटोप परवडत नाही. त्यात अनेकदा वापरले जाणारे ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियमचे. क्रोमियममुळे गंज रोखला जातो, पण पाणी सगळ्या पात्याला सारखेच दिलेले असते. टोकाची भिस्त मग राहते ती घडणीवरच.

आणि टोक कितीही भक्कम असले तरी घडीचा चाकू मधोमध सांध्याचाच असतो. पाते उघडे राहते ते मुठीतल्या एका पातळ पट्टीच्या किंवा खटक्याच्या आधाराने. ९ सेंटिमीटर लांब पात्याच्या टोकावर, मिटण्याच्या दिशेने ५ किलोचा जोर आला आणि तो आधार खिळीपासून साडेसात मिलिमीटरवर असला, तर तरफेच्या नियमाने त्याच्यावर बारापट, म्हणजे ६० किलोचा भार पडतो. मोटारीच्या दाराचे ते दृश्य एकसंध चाकूचे आहे. घडीच्या चाकूने कोणी तसे काही करू गेले किंवा डब्याचे झाकण उचकटू लागले, तर टोक शाबूत राहील आणि पाते बोटांवर मिटेल. हा धोका खरा आहे, आणि टोकाचे कौतुक करताना तो सांगितलाच पाहिजे.

मग या पात्याचा रोजचा उपयोग काय? तर तो कोपरा. पुठ्ठ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी कापताना मूठ जरा वर उचलून कोपरा टेकवला की हाताचा सगळा जोर एका बिंदूवर येतो. कोपऱ्याचा कोन बोथट, म्हणजे काटकोनापेक्षा मोठा असल्याने तो अणकुचीदार टोकासारखा खोल रुतत नाही आणि आतली वस्तू बचावते. प्लास्टिकची पट्टी, दोरी, गालिच्याची कड यांवरही तो छान चालतो.

स्वयंपाकघरात मात्र तांतो उणा पडतो. आपल्या विळीचे पाते वळणदार असते. टोमॅटो तिच्यावर दाबत पुढे सरकवला की तो नुसता दाबला जात नाही, धारेवरून घसरतही जातो. या घसरण्याचे मोल प्रयोगांनी दाखवले आहे. ब्रिटनमध्ये टोनी अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली चेडर चीज आणि सलामी कापून मोजमाप केले: दाबण्याच्या जोडीला पाते जितके आडवे सरकते, तितका दाबायचा जोर कमी लागतो. वळणदार धारेला हे सरकणे आयते साधते. तांतोची धार सरळ, त्यामुळे हाताने मुद्दाम ओढावे लागते, आणि लांब काप काढताना कोपरा मध्येच अडखळतो. फळे-भाज्यांसाठी चाकू हवा असेल तर तांतो घेऊ नये.

धार लावताना तो पुन्हा भाव खातो. वळणदार पात्याला सपाट दगडावर धार लावताना टोकाकडे जाताना मूठ हळूहळू उचलत न्यावी लागते, आणि नवख्या हाताचा अंदाज तिथेच चुकतो. तांतोच्या दोन्ही धारा सरळ. प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा तिरकेपणा राखून एक धार पुरी करायची, मग पाते वळवून दुसरी. कोपऱ्यावरून दगड सलग फिरवायचा नाही, नाहीतर तो गोलावतो. सराणेच्या फिरत्या चाकावर तर पहिला बळी कोपऱ्याचाच जातो, म्हणून धारवाल्याला आधी सांगून ठेवावे. घरी करताना दोन्ही धारांना काळ्या मार्करची शाई फासावी आणि दगडावर चार-पाच हात मारून बघावे. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत पुसली गेली असेल तर तिरकेपणा बरोबर आहे. कडेला काळी रेघ उरली असेल तर पात्याची पाठ केसभर उचलायची, आणि कोपऱ्याशी आल्यावर थांबायचे.