विश्लेषण : बेसबॉलचा ‘सर्वात मौल्यवान’ खेळाडू ठरवायचा कसा?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ अर्थात ‘एमव्हीपी’ हा हंगामातील सर्वात मोठा वैयक्तिक मान. २०२५ मध्ये अमेरिकन लीगचा हा पुरस्कार न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजला मिळाला. ६० होम रन मारणारा सिएटल मरिनर्सचा कॅचर कॅल रॅली अवघ्या २० गुणांनी मागे राहिला आणि निवडीच्या निकषांचा जुना वाद पुन्हा रंगला.

मतदान कसे होते?

१९३१ पासून हा पुरस्कार बेसबॉल पत्रकारांची संघटना देते. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग असून प्रत्येकीत १५ संघ आहेत. प्रत्येक संघाच्या शहरातून दोन, म्हणजे लीगमागे ३० पत्रकार मत देतात. प्रत्येक जण पसंतीक्रमाने दहा नावे लिहितो. पहिल्या पसंतीला १४, दुसरीला ९, तिसरीला ८ आणि पुढे एकेक कमी होत दहावीला १ गुण मिळतो. जजला पहिल्या पसंतीची १७ आणि रॅलीला १३ मते मिळाली. एकूण गुण ३५५ आणि ३३५. मतदान बाद फेरीपूर्वीच होत असल्याने त्यातील कामगिरी धरली जात नाही.

‘मौल्यवान’ची व्याख्या काय?

व्याख्याच नाही. ती ठरवण्याचे काम मतपत्रिकेवरील सूचनाच मतदारांवर सोपवतात. संघ अव्वल असण्याची अट नाही, पिचरही पात्र आहेत, एवढे मात्र त्यात स्पष्ट आहे. तरीही १९९९ मध्ये दोन मतदारांनी पिचर पेद्रो मार्टिनेझचे नाव दहांतही लिहिले नाही. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते मिळूनही त्याचा पुरस्कार हुकला.

२०१२ मध्ये काय घडले?

डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल कब्रेराने फलंदाजीची सरासरी, होम रन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये अव्वल स्थान पटकावले. हा ‘तिहेरी मुकुट’ १९६७ नंतर प्रथमच कुणाला मिळाला होता. मात्र क्षेत्ररक्षण आणि बेसवरील धाव जमेस धरता लॉस एंजेलिस एंजल्सचा नवोदित माइक ट्राउट सरस होता. पत्रकारांनी कब्रेराला निवडले. टायगर्स बाद फेरीत गेले, हा त्याच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. पण एंजल्सने त्यांच्यापेक्षा एक सामना जास्तच जिंकला होता.

‘वॉर’ने प्रश्न सुटला का?

‘वॉर’ हा आकडा सहज उपलब्ध होणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, याचा अंदाज देतो. त्याचा प्रभाव वाढला, तसे संघाचे स्थान गौण ठरू लागले. म्हणूनच २०२१ आणि २०२३ मध्ये एंजल्स निम्म्याहून अधिक सामने हरूनही शोहेई ओतानी एकमताने विजेता ठरला. मात्र ‘वॉर’ची गणितेही एकाहून अधिक आहेत. कॅचरने चेंडू झेलण्याच्या कौशल्याने मिळवलेले ‘स्ट्राइक’ एका प्रमुख संकेतस्थळाच्या सूत्रात मोजले जातात, दुसऱ्याच्या नाही. रॅलीसारख्या खेळाडूसाठी हा फरक मोठा.

मग फक्त सूत्रच का नको?

आयपीएलमध्ये तसेच होते. चौकार, षटकार, बळी, निर्धाव चेंडू आणि झेल यांना ठरलेले गुण असतात. २०२५ मध्ये त्यानुसार मुंबई इंडियन्सचा सूर्यकुमार यादव विजेता ठरला. पद्धत स्वच्छ, पण सामना फिरवणारा षटकार आणि हरलेल्या लढतीतील षटकार तिथे सारखेच. ‘वॉर’मध्येही होम रनचे मोल साधारण असेच, प्रसंग न पाहता ठरते.

पैशाचा संबंध काय?

२०२२ च्या वेतन करारानुसार, पगारासाठी लवादाकडे जाण्याचा हक्क न मिळालेल्या तरुण खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी असतो. त्यातील खेळाडू ‘एमव्हीपी’ ठरल्यास त्याला २५ लाख डॉलर मिळतात, दुसरा आल्यास साडेसतरा लाख. २०२५ मध्ये किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. म्हणजे पत्रकारांच्या पसंतीवर खेळाडूच्या काही वर्षांच्या पगाराएवढी रक्कम ठरू शकते.

उपाय काय?

प्रत्येक मतदाराची मतपत्रिका आता जाहीर होते, ही जमेची बाजू. संघाच्या स्थानाला किती महत्त्व द्यायचे, एवढे जरी मतपत्रिकेत स्पष्ट केले तरी ३० जण निदान एकाच प्रश्नाचे उत्तर देतील. उरलेला निर्णय माणसांकडे ठेवता येईल. आज मात्र प्रत्येक मतदार आपापला प्रश्न ठरवून त्याचे उत्तर देतो.