गांबियाचा हिशेब: गोटीपासून न्यायाधिकरणापर्यंत

गांबिया हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते ऑक्टोबर 2022 मध्ये. हरियाणात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांचा तिथल्या 66 लहान मुलांच्या मृत्यूशी संबंध असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला, आणि हा देश चार दिवस बातम्यांत झळकला. पुढे आपण तो विसरलोही. वास्तविक हुकूमशाही कशी जाते आणि ती गेल्यावर मागे उरलेला पसारा कसा आवरायचा, हे पायरीपायरीने बघायचं असेल तर गांबियाइतका सोयीचा देश शोधून सापडायचा नाही. क्षेत्रफळ जेमतेम 11 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कमी. लोकसंख्या साधारण 24 लाख. गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेली ही चिंचोळी पट्टी तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेली आहे आणि चौथ्या बाजूला अटलांटिक समुद्र. राजधानी बांजुल.

1965 मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं दावदा जवारा सत्तेवर होते. 22 जुलै 1994 रोजी लष्कराच्या काही तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना हटवलं. या अधिकाऱ्यांचा म्होरक्या होता एकोणतीस वर्षांचा लेफ्टनंट याह्या जामे. हा माणूस पुढे बावीस वर्षं बसला. देवाची इच्छा असेल तर आपण अब्ज वर्षं राज्य करू, असंही त्याने एका मुलाखतीत सांगून टाकलं होतं. पण निवडणुका त्याने बंद केल्या नाहीत. 1996, 2001, 2006, 2011 अशा दर पाच वर्षांनी घेतल्या आणि दर वेळी जिंकल्या. या निवडणुकांत मत टाकण्याची जी पद्धत होती, तीच शेवटी त्याला भोवली. म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

साठच्या दशकात, बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं तेव्हा, ब्रिटिश अमदानीच्या अखेरीला तिथे कागदी मतपत्रिकेऐवजी काचेची गोटी आली. मतदान केंद्रात आडोशामागे पत्र्याचे पिंप ओळीने मांडलेले असतात, प्रत्येक उमेदवाराचं एक. पिंपाला त्याचा रंग दिलेला असतो, वर फोटो आणि निशाणी. 2016 मध्ये जामेचं पिंप हिरवं होतं, विरोधी आघाडीच्या अदामा बॅरो यांचं चंदेरी आणि तिसरे उमेदवार ममा कांदे यांचं जांभळं. मतदार आपलं कार्ड दाखवतो, बोटाला शाई लावून घेतो आणि अधिकाऱ्याकडून एकच गोटी घेऊन आडोशामागे जातो. पिंपाला वरून एक नळी बसवलेली असते. गोटी नळीत सोडली की आत बसवलेल्या घंटीवर आपटते आणि बाहेर ‘टण्’ असा एक आवाज येतो. तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरलेला असतो, म्हणजे गोटी खाली पडताना दुसरा आवाज होऊ नये.

आपल्या मतदान यंत्राची ती लांब ‘पीं’ आणि ही ‘टण्’ एकच काम करतात: मत पडलं हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं, पण कुणाला पडलं ते कळत नाही. गांबियात आवाज दोनदा आला तर अधिकारी लगेच उठतो, कारण कुणीतरी खिशातून आणलेली गोटीही आत टाकली असणार. या आवाजाची तिथे इतकी काळजी घेतात की मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलींना मनाई असते. सायकलच्या घंटीने घोटाळा व्हायला नको.

मोजणीही डोळ्यांना दिसणारी. पिंपातल्या गोट्या लाकडी ताटांत ओततात. ताटाला 200 किंवा 500 खळगे केलेले असतात. ताट भरलं की आकडा झाला. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा समोर उभी राहून पडताळून पाहू शकते. या पद्धतीचे तोटेही आहेत. उमेदवार वाढले की पिंपं वाढतात, ती प्रत्येक केंद्रावर वाहून न्यावी लागतात. शिवाय जामेच्या काळात धाकदपटशा चाले तो गोटी हातात पडण्याच्या फार आधी. विरोधकांना सभा घेऊ न देणं, पत्रकारांना उचलणं, सरकारी नोकरांना दम देणं ही कामं वर्षभर चालत. मतदान त्या मानाने साफ असायचं.

2016 मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या. एप्रिलमध्ये निवडणूक सुधारणांसाठी रस्त्यावर उतरलेले विरोधी कार्यकर्ते सोलो सांदेंग गुप्तचर खात्याच्या कोठडीत मारले गेले. त्याचा निषेध करणारे ज्येष्ठ नेते उसेनू दार्बो तुरुंगात गेले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या विरोधी पक्षांनी यामुळे एकच उमेदवार द्यायचं ठरवलं. तिथे निवडणूक एकाच फेरीची आहे. पन्नास टक्क्यांची अट नाही, सर्वाधिक मतं घेईल तो अध्यक्ष. अशा पद्धतीत विरोधक विखुरलेले असतील तर सत्ताधाऱ्याला काहीच करावं लागत नाही. आघाडीने जमीनजुमल्याचा व्यवसाय करणारे बॅरो यांना पुढे केलं. तरुणपणी लंडनमध्ये एका दुकानात सुरक्षारक्षक म्हणून काम केलेला, राजकारणात फारसं नाव नसलेला माणूस. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या वर्षी पहिल्यांदाच मतमोजणी मतदान केंद्रावरच झाली. आधी पिंपं मोजणी केंद्रावर नेत. आता प्रत्येक केंद्राचा आकडा तिथल्या तिथे जाहीर झाला, पक्षांच्या प्रतिनिधींनी लिहून घेतला. जामेच्या सरकारने मतदानाच्या दिवशी इंटरनेट आणि परदेशी फोन बंद ठेवले होते, पण आकडे गावागावांत आधीच माहीत झाले होते. वरच्या पातळीवर ते फिरवायला जागा उरली नाही.

2 डिसेंबरला निवडणूक आयोगाने बॅरो यांना विजयी घोषित केलं. त्याच दिवशी जामेने टीव्हीवर कॅमेऱ्यासमोर बॅरो यांना फोन करून अभिनंदन केलं. लोक रस्त्यावर नाचू लागले. मग आयोगाला बेरजेतली एक चूक सापडली. दुरुस्त निकालात बॅरो यांची मतं 2,27,708 आणि जामेची 2,08,487 झाली. विजय कायम राहिला, पण फरक पन्नास हजारांहून वीस हजारांच्या आत आला. जामेने हेच निमित्त केलं आणि 9 डिसेंबरला निकाल फेटाळला. आयोगाच्या कार्यालयाचा लष्कराने ताबा घेतला. आयोगाच्या अध्यक्षांना सेनेगलला पळून जावं लागलं. निकालाविरुद्ध अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तिथे खटला ऐकायला पुरेसे न्यायाधीशच नव्हते. जामेने स्वतःच ती न्यायालयं वर्षानुवर्षं पोकळ केली होती आणि परदेशांतून न्यायाधीश आणून ती चालवली होती.

इथे पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक संघ, इकोवास, मध्ये पडला. आधी नायजेरिया, लायबेरिया, घाना आणि सिएरा लिओनचे नेते बांजुलला जाऊन समजावून आले. काही उपयोग झाला नाही. 19 जानेवारी 2017 रोजी बॅरो यांनी सेनेगलची राजधानी डाकारमध्ये, गांबियाच्या दूतावासात, शपथ घेतली. राजनैतिक संकेताप्रमाणे दूतावास म्हणजे आपल्याच देशाचा कारभार. देशात पाय न ठेवता कायदेशीर अध्यक्ष होता आलं. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 2337 एकमताने संमत करून बॅरो यांना मान्यता दिली आणि सेनेगलच्या नेतृत्वाखालचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं. दोन दिवसांनी, 21 जानेवारीला, जामे विमानात बसला. गिनीमार्गे विषुववृत्तीय गिनीत पोचला आणि तिथेच स्थिरावला. त्याच्या जाण्याआधी इकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रं यांनी संयुक्त निवेदन काढून त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही दिली होती. रक्तपात टळला, हे खरं. पण त्याच्या अपराधांचं काय करायचं, हे त्या घाईत कुणी ठरवलं नाही.

हे अपराध लहानसहान नव्हते. एप्रिल 2000 मध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला. जुलै 2005 मध्ये युरोपच्या वाटेवर निघालेले पन्नासहून जास्त पश्चिम आफ्रिकी स्थलांतरित पकडून मारण्यात आले, त्यांत बहुतेक घानाचे. 2007 पासून जामे जडीबुटीने एड्स बरा करत असल्याचा दावा करी आणि रुग्णांना खरी औषधं सोडायला लावी. 2009 मध्ये चेटकिणी शोधण्याच्या नावाखाली गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना धरून नेऊन कसलेतरी काढे जबरदस्तीने पाजले. आणि हे सगळं चाललं त्याच देशात, जिथे आफ्रिकी मानवाधिकार आयोगाचं मुख्यालय आहे! आयोग बांजुलमध्ये बसे, आणि बांजुलच्याच वेशीवरच्या ‘माइल टू’ तुरुंगात माणसं सडत.

नव्या सरकारने सत्य, समेट आणि भरपाई आयोग नेमला. याचं काम कसं चाललं ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी 2019 ते मे 2021 या काळात त्याच्यासमोर 393 साक्षी झाल्या. त्या टीव्ही, रेडिओ आणि यूट्यूबवर थेट दाखवल्या जात. साक्षीदार मंडिंका, वोलोफ, फुला किंवा इंग्रजीत बोले. पीडितही बोलले आणि मारेकरीही. आयोग न्यायालय नव्हता. तो शिक्षा देऊ शकत नव्हता. कोण काय करत होता हे नोंदवून कुणावर खटला भरावा याची शिफारस करणं, एवढंच त्याचं काम.

जुलै 2019 मधल्या साक्षी गांबियाच्या लोकांना अजून विसरता येत नाहीत. जामेच्या मर्जीतली एक टोळी होती, ‘जंगलर्स’ म्हणून ओळखली जाई. तिच्यातला मलिक जट्टा साक्षीला बसला आणि ‘द पॉइंट’ या वर्तमानपत्राचे सहसंस्थापक देदा हैदारा यांच्या खुनात आपण होतो, असं त्याने कबूल केलं. 16 डिसेंबर 2004 रोजी, वर्तमानपत्राच्या वर्धापनदिनाच्याच रात्री, हैदारा दोन सहकारी महिलांना घरी सोडायला गाडीतून निघाले होते. सरकारच्या नव्या वृत्तपत्र कायद्यावर ते टीका करत होते. मागून गाडी आली आणि गोळ्या झाडल्या गेल्या. ते गेले, दोघी जखमी झाल्या. या कामाबद्दल दुसऱ्या दिवशी डॉलर भरलेली पाकिटं मिळाली, असंही जट्टाने सांगितलं. बारा-पंधरा वर्षं पोलिसांना न सापडलेला मारेकरी एका हॉटेलच्या सभागृहात माइकसमोर बसून शांतपणे सांगत होता. आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, कबुली देणाऱ्या तिघांना सरकारने सोडून दिलं. बाकीच्यांनाही बोलावंसं वाटावं, असा तर्क दिला गेला. तर्क समजतो, पण त्यांनी ज्यांना मारलं त्यांच्या घरच्यांना तो समजावून सांगणं कठीण आहे.

नोव्हेंबर 2021 मध्ये अहवाल आला. राज्याच्या हातून 240 ते 250 माणसं मेली, असा आयोगाचा निष्कर्ष होता, आणि जामेवर खटला भरावा अशी शिफारस. सरकारने मे 2022 मध्ये श्वेतपत्रिका काढून जवळजवळ सगळ्या शिफारशी मान्य केल्या. पण मान्य करणं आणि अमलात आणणं यांत अंतर पडतंच. दरम्यान बॅरो यांनी तीन वर्षांत पायउतार होण्याचं वचन मोडलं होतं, 2021 च्या निवडणुकीत जामेच्याच जुन्या पक्षाशी हातमिळवणी केली होती, आणि 2022 मध्ये त्या पक्षाचा नेता संसदेचा सभापती झाला. अध्यक्षाच्या मुदतीला मर्यादा घालणारा नव्या राज्यघटनेचा मसुदा 2020 मध्ये तीन चतुर्थांश मतांअभावी संसदेतच पडला. 2025 मध्ये दुसरा प्रयत्नही तसाच फसला.

न्यायाची सुरुवात झाली ती परदेशात. काही गुन्हे इतके गंभीर मानले जातात की ते कुठेही घडले तरी आरोपी आपल्या हद्दीत सापडल्यास काही देश खटला चालवू शकतात. जर्मनीतल्या त्सेले शहराच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये जंगलर्सचा चालक बाय लो याला जन्मठेप दिली. त्यात हैदारा यांचा खून होता. मे 2024 मध्ये स्वित्झर्लंडने जामेचा माजी गृहमंत्री उस्मान सोंको याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वीस वर्षांची शिक्षा दिली. हा खटला जर्मन भाषेत चालला, त्यामुळे ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच तो नीट कळेना. 2025 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या न्यायालयाने आणखी एका जंगलरला, मायकेल कोरेयाला, छळाच्या गुन्ह्यासाठी साडेसदुसष्ट वर्षांचा तुरुंगवास ठोठावला.

पण जामे या कोणत्याच देशाच्या हद्दीत येत नाही. त्याच्यासाठी वेगळं न्यायालय हवं. गांबियाच्या जुन्या कायद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे ही कलमंच नव्हती, आणि आपल्याच न्यायाधीशांवर दबाव येणार ही भीती होतीच. म्हणून 2024 मध्ये संसदेने विशेष सरकारी अभियोक्त्याचं कार्यालय उभारण्याचा कायदा केला, आणि डिसेंबर 2024 मध्ये अबुजाच्या शिखर बैठकीत इकोवासच्या राष्ट्रप्रमुखांनी गांबियासाठी विशेष न्यायाधिकरणाला मंजुरी दिली. त्यात गांबियाचे आणि इतर आफ्रिकी देशांचे न्यायाधीश एकत्र बसतील आणि जुलै 1994 ते जानेवारी 2017 या काळातले गुन्हे ऐकतील. याआधीचं उदाहरण जवळचंच आहे: चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याला डाकारमधल्या खास न्यायालयाने मे 2016 मध्ये जन्मठेप दिली होती.

फरक एकच. हाब्रे सेनेगलमध्येच आश्रयाला होता आणि सेनेगलचं मन वळवता आलं. विषुववृत्तीय गिनी इकोवासचा सदस्यच नाही, आणि 1979 पासून तिथे राज्य करणारे तेओदोरो ओबियांग यांनी जामेला आजवर कुणाच्या हवाली केलेलं नाही.