इअरफोनची खरी परीक्षा मृदंगाच्या डाव्या पुडीवर

कुंभकोणम (तमिळनाडू) : मोबाइल किंवा खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरसाठी इअरफोन घ्यायला गेलेल्या ग्राहकासमोर दुकानदार चार-सहा पेट्या मांडतो. जवळपास प्रत्येक पेटीवर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते आणि निम्म्यांवर ‘एक्स्ट्रा बास’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. यांपैकी कोणत्या इअरफोनवर मृदंग मृदंगासारखा ऐकू येईल, याचे उत्तर मात्र एकाही पेटीवर नसते. कावेरीच्या खोऱ्यातील संगीतप्रेमींच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

कुंभकोणम आणि परिसर हा कर्नाटक संगीताचा गाभा मानला जातो. येथून जवळच असलेल्या नरसिंगमपेट्टै गावात तयार होणाऱ्या नागस्वरमला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘आचा’ या कठीण लाकडापासून हे वाद्य कोरले जाते आणि त्यासाठी जुन्या घरांतून निघालेले, वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड पसंत केले जाते. मृदंगवादक उमयाळपुरम के. शिवरामन हे याच भागातील. मराठी वाचकांसाठी हा प्रदेश अनोळखी नाही. १६७६ ते १८५५ या काळात तंजावूरवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणममधील मराठी कुटुंबात झाला. मराठी कीर्तनकारांच्या प्रभावातून येथील हरिकथेने आकार घेतला आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तिने आपलेसे केले. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथील विठ्ठल-रुक्मिणी मंदिरामुळे अभंगाचे नाते या भूमीत आजही टिकून आहे.

हे सारे संगीत आज मोठ्या प्रमाणावर कानात घातलेल्या दोन छोट्या ध्वनिवर्धकांतून ऐकले जाते. त्यामुळे इअरफोन पारखायचा असेल, तर पेटीवरील आकड्यांपेक्षा ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत नेणे अधिक उपयोगाचे ठरते. ज्या वाद्याचा प्रत्यक्ष आवाज कानाला माहीत आहे, त्याच वाद्यावर इअरफोनचा खोटेपणा लगेच उघडा पडतो.

सुरुवात मृदंगापासून करणे योग्य. साध्या गोल पडद्यावर थाप मारली तर निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत नसतात. म्हणूनच बहुतेक ढोलांचा आवाज नुसता ‘धप्प’ असा येतो, त्यातून नेमका स्वर सापडत नाही. मृदंग आणि तबला याला अपवाद आहेत. पुडीच्या मधोमध बसवलेल्या शाईच्या भारामुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येतात आणि वाद्य सुरात बोलते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात यावर टिपण प्रसिद्ध केले होते. उजव्या पुडीचा हा स्वर गायकाच्या षड्जाशी जुळवलेला असतो. डाव्या बाजूला, म्हणजे ‘तोप्पी’ला, ओला रवा लावून तिचा आवाज खाली आणला जातो, तो सर्वसाधारणपणे एक सप्तक खाली असतो. गायकाची पट्टी काळी एक असेल तर उजवी पुडी सुमारे १३९ हर्ट्झवर आणि डावी ७० हर्ट्झच्या आसपास बोलते.

‘एक्स्ट्रा बास’वाल्या इअरफोनची गफलत नेमकी येथे होते. त्यांत साधारण २०० हर्ट्झच्या खालचा सगळा पट्टा फुगवलेला असतो. चित्रपटगीतातील इलेक्ट्रॉनिक ठोक्याला तो भरदार वाटतो. मृदंगात मात्र डाव्या पुडीचा घुमारा उजवीच्या बोलांवर पसरतो, दोन्ही हातांमधील अंतर नाहीसे होते आणि तनी आवर्तनातील वेगवान मोहरा एकसलग गडगडाटासारखा ऐकू येतो. पुरुष गायकाचा मंद्र सप्तकातील आवाजही याच पट्ट्याला लागून असल्याने तो बसका भासतो. चांगल्या इअरफोनवर तोप्पीची थाप खोल ऐकू येते आणि लगेच थांबते. तिच्या मागोमाग येणारा उजव्या हाताचा बोल स्वतंत्रपणे मोजता येतो. तबला-पखवाज ऐकणाऱ्यांना हीच चाचणी डग्ग्यावर किंवा पखवाजाच्या धुमावर घेता येईल.

याउलट डावी पुडी ऐकूच येत नसेल, तर लगेच इअरफोनला दोष देऊ नये. बहुतेक वेळा चूक टिपची असते. कानाच्या नळीत बसणारा इअरफोन नळी पूर्ण बंद करतो तेव्हाच खालचे स्वर पडद्यापर्यंत पोहोचतात. बारीकशी फट राहिली तरी ते बाहेर निसटतात. ऐकता ऐकता इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून पाहावा. दाबताच मृदंग अचानक भरून आला, तर टिप लहान आहे असे समजावे. दोन्ही कानांच्या नळ्या एकाच मापाच्या असतील असे नाही. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागणे अगदी स्वाभाविक आहे. पेटीत तीन मापांच्या जोड्या येतात त्या याचसाठी, पण बहुतांश ग्राहक मधल्या मापाशिवाय उरलेल्या दोन उघडूनही पाहत नाहीत. दुकानात स्वच्छतेच्या कारणास्तव इअरफोन कानात घालून पाहू दिला जात नसेल, तर स्वतःच्या टिपा सोबत नेणे हा सोपा मार्ग आहे.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. हिंदुस्थानी परंपरेत त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात, कर्नाटक पद्धतीत तोच अंतर गांधार. खर्जाच्या मूळ वारंवारतेच्या पाचव्या पटीवर असलेला हा उपस्वर काळी एकच्या पट्टीत सुमारे ३४७ हर्ट्झवर येतो. त्याच्या वर जवारीमुळे निर्माण होणाऱ्या उपस्वरांची दाट साखळी काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. मिरजेच्या कारागिरांची कीर्ती याच जवारीवर उभी आहे. स्वस्त इअरफोनमध्ये खालचा आणि वरचा पट्टा उचलून मधला भाग खोल दाबलेला असतो. अशा इअरफोनवर तंबोरा म्हणजे मागे चाललेली पुसट गुणगुण होते आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे उभा राहिल्यासारखा वाटतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातील पहिले अर्धे मिनिट, गायन सुरू होण्यापूर्वीचा नुसता तंबोरा, हा इअरफोन पारखण्याचा सर्वांत प्रामाणिक तुकडा आहे.

वरच्या पट्ट्यासाठी नागस्वरम आणि टाळ पुरेसे आहेत. नागस्वरम हे दुहेरी पातीचे वाद्य. त्याचे उपस्वर बलवान असतात. मंदिराच्या प्राकारात आणि मिरवणुकीत, तविलच्या साथीने, दूरवर ऐकू जावे यासाठीच ते घडले आहे. माणसाचा कान मुळातच २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्याला सर्वाधिक संवेदनशील असतो, कारण कानाची नळी स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपास नाद धरते. त्यात इअरफोनने त्याच भागात किंवा ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये आणखी उंचवटा जोडला, तर नागस्वरम टोचू लागते आणि अभंगातील टाळ कानात सुईसारखा जातो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने गाण्यातून फुसफुसत बाहेर आली, तर दोष हाच आहे. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्या तोडीसारख्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणांत मुळात वरचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत. तेथे असा इअरफोन संगीताऐवजी सुईची खरखर मोठी करून ऐकवतो. जुन्या संग्रहात रमणाऱ्यांनी थोडा मऊ, झळाळी कमी असलेला इअरफोन निवडलेला बरा.

आता पेटीवरील आकड्यांकडे वळता येईल. किती डेसिबलच्या चढउतारासह, हे लिहिलेले नसेल तर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या ओळीला जाहिरातीपलीकडे अर्थ नाही. उपयोगाचे आकडे दोन : इम्पीडन्स म्हणजे विद्युत अवरोध, आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक विजेवर मिळणारा आवाज. दुसऱ्या आकड्यात एक खाच आहे. काही कंपन्या तो प्रति मिलिवॉट देतात, काही प्रति व्होल्ट. १६ ओहमचा इअरफोन आणि ३०० ओहमचा हेडफोन, दोन्हींवर ‘एका मिलिवॉटला १०० डेसिबल’ असे लिहिलेले असले, तरी एका व्होल्टला पहिला सुमारे ११८ डेसिबल आवाज देतो आणि दुसरा सुमारे १०५. छोट्या प्लेअरकडे जास्त व्होल्टेज नसते, त्यामुळे त्यावर दुसरा हेडफोन मलूल वाटेल. खिशातील उपकरणासाठी १६ ते ३२ ओहमचे इअरफोन सोयीचे असतात. प्लेअरचा स्वतःचा अवरोध इअरफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा आहे. अनेक ड्रायव्हर असलेल्या महागड्या इअरफोनमध्ये तो न पाळल्यास स्वरांचा तोलच बदलतो.

तारेचा की बिनतारी, हा प्रश्न आता बऱ्याच अंशी मोबाइल कंपन्यांनीच सोडवून टाकला आहे. अनेक फोनमधून ३.५ मिलिमीटरची खाच गेली आहे. तरीही तेवढ्याच किमतीत तारेचा इअरफोन सामान्यतः अधिक चांगला आवाज देतो, कारण ग्राहकाचा पैसा बॅटरी आणि रेडिओ चिपवर खर्च होत नाही. खाच नसलेल्या फोनला यूएसबी-सी जोडणीचा छोटा अडॅप्टर चालतो. ब्लूटूथने केवळ ऐकायचे असेल, तर आवाज थोडा उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही. ऑनलाइन वर्गात गुरू हाताने ताल दाखवत असताना मात्र इंटरनेटच्या विलंबात ब्लूटूथच्या विलंबाची भर पडते. आदि तालाची एक मात्रा एका सेकंदाची धरली, तर तिचा चौथा हिस्सा २५० मिलिसेकंदांचा होतो. त्यातून शंभर-दोनशे मिलिसेकंद निघून गेले, तर विद्यार्थी लयीत असूनही चुकलेला दिसतो. शिकणाऱ्याने तारेचाच इअरफोन घ्यावा.

निवडीत सर्वांत कमी पाहिली जाणारी आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. जगभरातील १२ ते ३५ वर्षे वयोगटातील १०० कोटींहून अधिक लोकांना असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणदोषाचा धोका आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह २०१९ मध्ये वैयक्तिक ध्वनी उपकरणांसाठी मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीवर ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९५ डेसिबलला संपूर्ण आठवड्यात जेमतेम सव्वा तास.

कुंभकोणमहून तंजावूरला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या प्रवाशाभोवतीचा गोंगाटच सहज ८० डेसिबलच्या घरात जातो. कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, टिप नसलेला इअरफोन वापरणारा माणूस गाणे त्यावर चढवण्यासाठी आवाज वाढवतो आणि ९० डेसिबल कधी ओलांडले हे त्याला कळत नाही. नीट बसलेली सिलिकॉन टिप बाहेरचा आवाज साधारण १५ ते २० डेसिबलने कमी करते. तेवढाच प्लेअरचा आवाज खाली ठेवता येतो. इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर नॉइज कॅन्सलिंग चांगले चालते, हॉर्न आणि बोलण्यावर तितके नाही. रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडताना मात्र हेच बंदिस्तपण घातक ठरते, तेव्हा इअरफोन काढावाच लागतो.

मोठ्या आवाजाने होणारी हानी प्रथम ४ किलोहर्ट्झच्या आसपास उमटते. कानाच्या शंखातील त्या भागातील केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला बोलणे नीट ऐकू येते, म्हणून माणसाला काही बिघडले आहे असे वाटत नाही. पण साहित्यातील व्यंजनांची धार आणि तंबोऱ्याच्या जवारीची चमक याच पट्ट्यात असते, आणि रसिकाच्या हातून तीच आधी निसटते. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी किंवा गुणगुण राहत असेल, तर पातळी जास्त होती. ती गुणगुण दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे लांबवू नये.

म्हणून खरेदीच्या वेळी दोन इअरफोनची तुलना करताना आवाज दोन्हींत सारखा आणि कमी ठेवावा. किंचित मोठ्याने वाजणारा नेहमीच अधिक चांगला भासतो. अनुभवी विक्रेत्यांना हे ठाऊक असते. कमी आवाजातही ज्यावर तोप्पी, तंबोरा आणि शब्द तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात, तो इअरफोन घ्यावा. त्याची किंमत शेजारच्या पेटीपेक्षा कमी असली तरी संकोच करू नये.

कावेरीकाठच्या दमट हवेत टिपांवर घाम आणि कानातील मळ लवकर साचतो, जाळी बुजते आणि एका बाजूचा आवाज क्षीण होतो. अनेकदा इअरफोन बिघडला असे समजून तो फेकला जातो. टिपा काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात आणि जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झटकावी. फोमच्या टिपा पाण्याने धुण्याऐवजी काही महिन्यांनी बदलणे श्रेयस्कर.