घाईचं चिलखत, सवडीची नक्कल

स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट समोरून नीट पाहिलं तर ते वाकडं आहे. दोन डोळ्यांचे आकार जुळत नाहीत, गालांचे उंचवटे सारखे नाहीत, कानांवरच्या टोप्या कशाबशा बसवलेल्या आहेत. १९७७ साली थिएटरात ‘स्टार वॉर्स’ पाहणाऱ्यांना हे दिसण्याचं काही कारण नव्हतं. स्टॉर्मट्रूपरांची ही पांढरी फौज पडद्यावर धावत येते, नेम चुकवते, मार खाऊन कोसळते आणि पुढचं दृश्य सुरू होतं. पण घरच्या टेबलावर हे चिलखत बनवायला बसलेल्या माणसाला तो वाकडेपणा पाठ असतो. कुठला उंचवटा किती मिलिमीटर चुकलाय हे तो सांगू शकतो. ‘सुधारू या’ म्हणून त्यानं तो सरळ केला, की त्याचं काम नापास.

‘पडद्याबरहुकूम’ चिलखत बनवणं म्हणजे काय, ते इथे कळतं. आपली समजूत अशी की कारागिरी म्हणजे सफाई. इथे मात्र पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये काही माणसांनी घाईघाईत जे उरकलं, त्यातली घाईसुद्धा सवडीनं आणि चोख उतरवायची असते.

घाई खरीच होती. चित्रकार राल्फ मॅकक्वॉरींनी या फौजेची चित्रं काढून ठेवली होती. वेशभूषेला जॉन मोलो होते, जे मुळात लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे जाणकार. या कामासाठी त्यांना पुढे ऑस्कर मिळालं. अंगावरचं चिलखत शिल्पकार ब्रायन म्युअर यांनी मातीत घडवलं. हेल्मेटं लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या वर्कशॉपमध्ये निघाली, एकूण पन्नास. मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात कॅमेरा सुरू व्हायचा होता, आणि त्यानंतर एल्स्ट्री स्टुडिओत बाकीचं काम. मातीचा नमुना हातानं घडवलेला, त्यामुळे डावी-उजवी बाजू जुळली नाही. जुळवत बसायला वेळ कोणाकडे होता?

सगळं व्हॅक्यूम फॉर्मिंगवर. प्लास्टिकची शीट चौकटीत पकडून तापवायची, मऊ होऊन मध्ये झोल पडला की साच्यावर उतरवायची आणि खालून हवा खेचून घ्यायची. शीट साच्याला चिकटते आणि गार होऊन तोच आकार धरते. फ्रिजच्या आतला पांढरा खोका याच पद्धतीनं निघतो. पद्धत स्वस्त आणि झटपट, पण तिला एक अट आहे: साचा आत वळलेला नको, नाहीतर गार झालेला तुकडा सुटत नाही. म्हणून हेल्मेट एकसंध निघूच शकत नाही. चेहरा वेगळा, डोक्यामागचा भाग वेगळा, आणि त्यांचा सांधा लपवायला कानांच्या टोप्या. हातपायांचे तुकडेही अर्धे-अर्धे, मध्ये सांधा, सांध्यावर पट्टी. डिझाइन म्हणून आपण जे कौतुकानं पाहतो, त्यातलं बरंचसं यंत्राची अडचण झाकण्यासाठी आलेलं आहे.

चित्रीकरणातली बहुतेक हेल्मेटं एचडीपीई प्लास्टिकची होती. डबे-बादल्यांचं हे प्लास्टिक चिवट खरं, पण रंग धरत नाही. पांढरा रंग मारला आणि तो सोलत राहिला. गालांवरच्या निळसर रेघा ब्रशनं हातानं ओढलेल्या, प्रत्येक हेल्मेटवर वेगळ्या. आज कोणी स्टिकर लावून मोकळा झाला तर जाणकार लगेच ओळखतात आणि मान हलवतात. ब्रशचा फराटा दिसलाच पाहिजे. त्यातही दोन जाती आहेत. जवळून दिसणाऱ्या शिपायाचं ‘हीरो’ हेल्मेट आणि मारामारीतलं ‘स्टंट’ हेल्मेट. हीरोच्या डोळ्यांची भिंगं फुगीर, स्टंटची सपाट. तोंडाच्या जाळीत कापलेल्या फटींची संख्यासुद्धा वेगळी. एकाची भिंगं आणि दुसऱ्याची जाळी अशी खिचडी चालत नाही.

आता घरच्या कामाकडे येऊ. विकत घेतलेल्या संचातले एबीएस प्लास्टिकचे पांढरे तुकडे पेटीतून येतात ते कडा न कापलेले, काठाला नको असलेलं प्लास्टिक लोंबत असलेलं. कात्रीनं सरळ कापत सुटलं तर फसगत होते. पेन्सिलीनं रेघ मारायची, सुरीनं तिच्यावरून हलकेच दोन-तीनदा ओढायचं आणि मग वाकवायचं. तुकडा रेघेवर कट्कन सुटतो. मग पॉलिश पेपर. हाताच्या सांध्यांवर १५ मिलिमीटरची पट्टी, पायांवर त्याहून रुंद. पट्टी चिकटवायला रबरासारखा सुकणारा गोंद वापरतात आणि तो पुरता धरेपर्यंत दोन्ही बाजूंनी लोहचुंबक लावून ठेवतात. सांधा एक-दोन दिवस तसाच. प्लास्टिक विरघळवून कायमचं जोडणारं सोल्यूशन जास्त पक्कं असतं, तरी अनुभवी माणूस सुरुवातीला त्याच्या वाटेला जात नाही, कारण माप चुकलं तर रबरी गोंदाचा सांधा सोलून काढता येतो. आणि माप चुकतंच. हे चिलखत १९७६ मधल्या इंग्लिश एक्स्ट्रांच्या अंगाचं आहे, तुमच्या-माझ्या पोटाचं नाही. जिथे कमी पडेल तिथे पट्टी घालून वाढवायचं, आणि फट बुजवायला एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लगदा भरायचा. वाळल्यावर घासला की सांधा कुठे होता ते सांगता येत नाही.

मांडीचा तुकडा घट्ट झाला तर गरम पाण्याची परात. पाणी उकळतं नको. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि एकदा आकार सोडला की परत येत नाही. हीट गन जास्त सोपी वाटते, पण क्षणभर एका जागी थांबली की तिथे फोड येतो किंवा चकाकी जाते. पांढऱ्या रंगावर हा डाग लपत नाही. आणि तयार चिलखत उन्हात ठेवू नये, एबीएस पिवळं पडतं.

चिलखताहून मला ब्लास्टर जास्त रंजक वाटतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. ई-११ नावाची ही अंतराळातली बंदूक मुळात स्टर्लिंग कार्बाइन: ब्रिटिश लष्कराची, ९ मिलिमीटरची, डाव्या बाजूला आडवं मॅगझिन लावायची. हीच कार्बाइन आपल्याकडे परवान्यावर कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनत आली. नळीवर भोकांची जाळी आणि घडी होणारा दस्ता असलेली ती बंदूक पोलिसांच्या खांद्याला लटकलेली पाहतच आपल्या पिढ्या वाढल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी अंगरक्षक सतवंत सिंगनं इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या त्या स्टर्लिंगमधूनच. ‘पिऊ पिऊ’ करणाऱ्या खेळण्याकडे पाहताना हे आठवावंच असं नाही, पण एकदा आठवलं की विसरता येत नाही.

चित्रपटासाठी बंदुका लंडनच्या बॅप्टी कंपनीकडून भाड्यानं आल्या. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी त्यांच्यावर भंगारातून आणि दुकानांतून मिळेल ते चढवलं: नळीवर प्लास्टिकच्या टी-पट्ट्या, वर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याची दुर्बीण, बाजूला यंत्रांवर आकडे मोजणारा काउंटर. मॅगझिन कापून आखूड केलं. चित्रपटाचा नायक ल्यूक याची लेझर तलवार ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून बनली, तीही याच हातांनी. चित्रीकरणात बंदुकांतून खरोखर ब्लँक काडतुसं उडवली गेली, आणि लेझरच्या रेघा नंतर वर रंगवल्या. फ्रेम थांबवून पाहिलं तर काही ठिकाणी जाळ दिसतो. ब्लास्टरचा आवाज ध्वनीचं काम पाहणाऱ्या बेन बर्ट यांनी रेडिओ टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवला.

घरी बनवणारा ३८ मिलिमीटरच्या आसपासचा पाइप घेतो, त्यावर कागदी आराखडा गुंडाळून भोकं पाडतो. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे रंग. स्टर्लिंगचा काळा रंग गुळगुळीत नसतो, बारीक सुरकुत्यांचा असतो. तसा स्प्रे पेंट मिळतो. थर जाड मारून वरून ऊब दिली की पृष्ठभाग आक्रसतो आणि सुरकुत्या उमटतात. पातळ थर दिला तर काही होत नाही, आणि घाई केली तर ओघळ येतात. मूळ बंदुका वर्षानुवर्षं भाड्यावर फिरलेल्या असल्यानं कडांना रंग उडालेला होता; तोही चंदेरी ब्रशनं आणायचा. नक्कल पूर्ण झाल्यावर ती रस्त्यावरून नुसती घेऊन जाऊ नये हे सांगायला लागू नये, पण सांगतो: पिशवीत झाकूनच न्यावी, विमानात हँडबॅगेत तर मुळीच नाही.

हे सगळं तपासणारी एक संस्था आहे: ५०१ वी लीजन. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात अल्बिन जॉन्सन यांनी ती सुरू केली. प्रत्येक पोशाखाची नियमावली आहे, फोटो पाठवायचे, पट्ट्या-खिळ्यांपर्यंत सगळं तपासलं जातं. प्रवेशाला अठरा वर्षं पूर्ण हवीत. कार्यक्रमांत हे पोशाख घालून जाण्याचं सभासद मानधन घेत नाहीत. आयोजकांना देणगी द्यायची असेल तर ती धर्मादाय कामाकडे वळवतात. जॉन्सन यांची मुलगी केटी मेंदूच्या कर्करोगानं आजारी असताना तिच्यासाठी गुलाबी रंगाचा रोबो बनवला गेला, आर२-केटी. केटी २००५ मध्ये गेली. नियमावलीतल्या खिळ्यांचा काटेकोरपणा पाहून ज्यांना हसू येतं, त्यांनी हा भागही पाहावा.

‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्मचं या चाहत्यांशी सख्य आहे, एन्सवर्थशी नव्हतं. एन्सवर्थ जुन्या साच्यांवरून हेल्मेटं काढून विकायला लागल्यावर कंपनीनं त्यांच्यावर दावा लावला. अमेरिकन कोर्टात दोन कोटी डॉलरचा निकाल मिळाला, पण इंग्लंडमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथला एक मुख्य प्रश्न होता: हे हेल्मेट ‘शिल्प’ आहे का? शिल्प असेल तर कॉपीराइट दीर्घकाळ टिकतो, नसेल तर नाही. जुलै २०११ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नाही. ते चित्रपट बनवण्याच्या कामात वापरलेली वस्तू आहे, कलाकृती चित्रपट आहे. मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीनं पटतो. पण ज्यांनी गालाच्या एका उंचवट्यासाठी रविवार घालवलेत त्यांना तो कसा पटावा?

अंगावर चढवल्यावर बसता येत नाही, वाकता येत नाही, पुढचं फूटभर दिसत नाही. मूळ चित्रपटात एक शिपाई आत येताना दाराला डोकं आपटतो. २००४ च्या डीव्हीडीत त्याला खास ‘ठक्क’ असा आवाजही जोडला. म्हणून ५०१ वीच्या शिपायांसोबत साध्या कपड्यातला एक माणूस चालतो.

२०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ या स्टार वॉर्स मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात स्टॉर्मट्रूपरची फौज हवी होती आणि निर्मात्यांकडे चिलखतं पुरेशी नव्हती. त्यांनी ५०१ वीला बोलावलं. सभासद स्वतः बनवलेलं चिलखत घालून आले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. आता त्या भागातला शिपाई पडद्याबरहुकूम बनवायला बसणाऱ्यानं कोणाच्या चुका उतरवायच्या, एन्सवर्थच्या की त्या सभासदाच्या?